दोन सेकंदांची नजर

आमच्या आयटीवाल्यांची एक गंमत आहे. माणूस आपल्या ॲपवर किती वेळ रेंगाळला हे आम्ही मोजतो आणि आकडा वाढला की पेढे वाटतो. रस्ता दाखवणाऱ्या ॲपचं मात्र बरोबर उलटं. गाडी चालवणाऱ्याने त्याच्याकडे जितकं कमी बघावं, तितकं ते चांगलं!

आता कमी म्हणजे किती? अमेरिकेतल्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये गाडीतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रस्त्यावरची नजर एका वेळी २ सेकंदांपेक्षा जास्त हटू नये, आणि अख्खं काम मिळून १२ सेकंदांत उरकावं. २ सेकंद म्हणजे किरकोळ वाटतं ना? ताशी ६० किमी वेगाने तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे जाते. तोवर समोरची रिक्षा थांबलेली असते, नाहीतर एखादे आजोबा नुसता हात दाखवून रस्ता ओलांडायला लागलेले असतात.

आणि हा हिशोब कारचा. माझा धाकटा भाऊ सेल्समध्ये आहे. रोज नवा पत्ता, फोन स्कूटरच्या हँडलला. डोक्यावर हेल्मेट, कानात वारा. मान खाली गेली की रस्ता दिसेनासा होतो. २०२० च्या नियमदुरुस्तीने गाडी चालवताना फोन फक्त रस्ता शोधायला वापरायची मुभा दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. ती अट पाळता येईल असं ॲप बनवणं आमच्याकडे आलं.

मला विचाराल तर खरी युक्ती आपल्या बोलण्यातच आहे. '२०० मीटरनंतर उजवीकडे' ऐकलं, की किती राहिले ते बघायला नजर पुन्हा स्क्रीनवर. 'पेट्रोल पंपानंतर उजवीकडे' म्हटलं, की नजर पंप शोधते, म्हणजे रस्त्यावरच राहते. गूगलने २००९ च्या शेवटी भारतासाठी अशा खुणा द्यायला सुरुवात केली. आपल्या आया तर कायम असाच पत्ता सांगत आल्यात, मारुतीच्या देवळावरून डावीकडे!

चालत्या गाडीत 'चार मिनिटं वाचतील, रस्ता बदलू का?' असं विचारणं म्हणजे तर कहर. उत्तर नाही आलं, तर गुपचूप आहे त्याच रस्त्याने न्यावं. चार मिनिटं उशीर झाला तर भावाचा साहेब ओरडेल. ओरडू दे.