हाँगकाँगचा रविवार

हाँगकाँगमध्ये संसार थाटलेल्या मराठी घरात, पावसाळ्याच्या दिवसांत शुक्रवारची जेवणे आटोपली की एक चौकशी हमखास होते, "कितवा नंबर लागलाय हो?" नवख्या पाहुण्याला वाटते, घोड्यांच्या शर्यतीची बात चालली आहे; त्या शहराला तो शौकही दांडगा आहे. पण हा नंबर वादळाचा.

तिथली वेधशाळा १८८३ सालची. चक्रीवादळ जवळ येऊ लागले की ती १, ३, ८, ९ आणि १० असे चढत्या क्रमाने इशारे देते. आता पाच, सहा, सात कुठे गेले? पूर्वी वाऱ्याच्या चार दिशांना ५ ते ८ असे चार आकडे होते. १९७३ पासून त्या चौघांचा मिळून एक आठ झाला. एक म्हणजे नुसती चाहूल. तीन लागला की बालवाड्या बंद आणि समुद्रसहलीचा बेत रद्द. आठ लागला की शाळा, कचेऱ्या बंद. बसगाड्या नि बोटीही थांबतात. मात्र आठ लावण्याआधी दोनएक तास वेधशाळा वर्दी देते, म्हणजे माणसे वेळेवर घरी पोचतात. आपल्याकडे बहुधा गुडघाभर पाण्यातून घरी आल्यावर सुट्टी जाहीर झाल्याचे कळते!

माझी भाची आणि जावई २०१७ पासून तिथे आहेत. दोन मुले, आणि घर म्हणजे तिसाव्या मजल्यावरच्या काडेपेट्या. अंगण नाही, गच्ची नाही. म्हणून रविवार घरात काढायचा नाही हा त्या घरचा नेम. बाहेर पडायला जागाही मुबलक आहे. उंच इमारतींची चित्रे पाहून आपल्याला कल्पना येत नाही, पण त्या मुलखाचा सुमारे चाळीस टक्के भाग राखीव रानडोंगरांचा आहे, आणि लहानमोठी बेटे अडीचशेच्या वर.

सहलीची सुरुवात बहुधा 'स्टार फेरी'ने होते. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या या बोटी कौलून आणि हाँगकाँग बेट यांमधली खाडी काही मिनिटांत पार करतात. बाकांच्या पाठी उलट्या फिरवता येतात, त्यामुळे बोट कोणत्याही दिशेने जावो, आपले तोंड पुढेच. ही बोटसेवा १८८८ साली सुरू केली मुंबईहून तिथे गेलेल्या दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थाने. मुंबईकराला त्या बाकावर बसल्यावर थोडी ऐट करायला हरकत नाही!

पलीकडच्या धक्क्यांवरून बेटांच्या बोटी सुटतात. चुंग चाऊ बेटावर खासगी मोटारी नाहीत. मुले रस्त्यात बिनघोर धावतात. लांटाऊ बेटावरच्या ताय ओ गावी खाडीत खांब रोवून त्यांवर घरे बांधलेली आहेत, आणि वाळत घातलेल्या मासळीचा असा घमघमाट की मालवणची माणसे डोळे मिटूनच उभी राहावीत.

कुठे जायचे ते ऋतू ठरवतो. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरची दमट हवा येते, भिंतींना घाम सुटतो, लाद्या पाझरतात आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. तेव्हा व्हिक्टोरिया शिखरावर गेलात तर धुक्याखेरीज काही दिसत नाही. मेपासून पाऊस. तोही कसा, तर ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री एका तासात १५८.१ मिलिमीटर; १८८४ पासूनच्या नोंदीत तोवर तासाभरात एवढा कधीच पडला नव्हता. ऑक्टोबर उजाडला की उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, आकाश धुऊन निघते आणि सारे शहर डोंगर चढू लागते. आपली दिवाळी नेमकी याच वेळी येते. तिला तिथे सार्वजनिक सुट्टी नसते. मग लक्ष्मीपूजन घरी तिथीला आणि दहा घरांचा एकत्र फराळ पुढच्या रविवारी.

बोटीच्या धक्क्याकडे जाताना मात्र दुसरा एक रविवार आडवा येतो. सेंट्रल भागातल्या फुटपाथांवर, पादचारी पुलांवर, एका मोठ्या बँकेच्या इमारतीखाली, पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसलेल्या असतात. डबे उघडलेले, केस विंचरणे चाललेले, गाणी, हसणे. या घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका. इंडोनेशियाच्या बहुतेक व्हिक्टोरिया पार्ककडे जमतात. सगळ्या मिळून तीन लाखांहून अधिक. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हा त्यांचा कायद्याने हक्क. पण मालकाच्याच घरी राहायचे हाही नियम. तेव्हा सुट्टी आहे, आणि ती घालवायला स्वतःचे छप्पर नाही. पाऊस आला की पुठ्ठे उचलून पुलाखाली.

भाचीकडेही उत्तर लूझोनमधली एक बाई आहे. मुले तिला 'आते' म्हणतात. तिच्या भाषेत तो शब्द थोरल्या बहिणीचा. आमच्या पोरांनी तिला सरळ आत्या करून टाकले.

१६ सप्टेंबर २०१८ हा रविवारच होता. 'मांगखुत' वादळ आले आणि दहाचा इशारा दहा तास राहिला. उंच इमारती हलत होत्या, खिडक्या फुटत होत्या, झाडे तर हजारोंनी कोसळली. तरी शहरात मनुष्यहानी झाली नाही. १९०६ च्या वादळात इथेच हजारो माणसे बुडाली होती; आकड्यांच्या शिस्तीने काय साधले ते यावरून समजावे.

भाची सांगते, त्या दिवशी मुले खिडकीपासून दूर पत्ते खेळत बसली होती, आणि आते स्वयंपाकघराशेजारच्या आपल्या वीतभर खोलीत फोन लावत होती. सुट्टी असून ती घरातच, आणि घर दुसऱ्याचे. तेच वादळ आदल्या दिवशी तिच्या मुलखावरून गेले होते. तिथे दरडी कोसळून कितीतरी माणसे गाडली गेली. तिचा फोन लागला तो सोमवारी दुपारी. तिची माणसे सुखरूप होती. घराचे पत्रे मात्र उडाले होते. पुढच्या पगारातले बरेचसे त्या पत्र्यांना गेले.

त्या सोमवारपासून वादळाची बातमी आली की त्या घरातली मुले नकाशावर दोन ठिकाणी बोट ठेवतात : एक आपले, एक आतेचे.