वास सुटेपर्यंत

बेसन किती भाजायचं? मराठी पाककृतींची बहुतेक पुस्तकं या प्रश्नाला एकच उत्तर देतात: खमंग वास सुटेपर्यंत. माझंही देतं. नव्या आवृत्तीसाठी ते पुन्हा वाचायला घेतलं आणि जिथे जिथे वास आला तिथे पेन्सिलीने रेघ मारत गेले. पान काळं झालं. रव्याला वास, मसाल्याला वास, तुपाला वास, फोडणीला वास. ज्या बाईने हे सगळं लिहिलं तिला आता यातलं काहीच येत नाही. एका तापानंतर माझा वास गेला आणि परत आला नाही.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं. मिरची झोंबते, कारण तो झोंबणारा निरोप वेगळ्या नसेने जातो. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ती बरीचशी घास चावताना घशामागून नाकात चढणारी असते. ती गेली. कॉफी म्हणजे आता गरम, कडू पाणी. वेलदोड्याचा जिभेवर थोडा गारवा लागतो, तेवढाच.

मग मी तीच पेन्सिल माझ्या बाकीच्या पुस्तकांवर चालवली. दोन्ही कादंबऱ्या, तंजावरचं प्रवासवर्णन, आईच्या आठवणी. चारही प्रकारांत मी लिहिते याचा मला अभिमान होता. कादंबरीतली मी वेगळी, आठवणींतली वेगळी, असं मी व्यासपीठांवरून सांगत आले. पेन्सिलीला तो फरक दिसला नाही. कादंबरीत पात्राचा निर्णय पिकतो तिथे वास. अनोळखी गाव आपलं वाटायला लागतं तिथे वास. आठवणींत आई खोलीत येते ती तिच्या पदराच्या वासासकट. ज्या क्षणी एखादी गोष्ट ‘झाली’, तो क्षण मी प्रत्येक ठिकाणी नाकावर सोपवला होता. त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. नाक होतं तोवर ते खरं होतं. पण तो क्षण दुसऱ्या कशाने लिहिता येतो का, या प्रश्नाने आता मला धरलं आहे. दुसरं काही लिहायला बसले तरी हात तिकडेच जातो.

१९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया एकत्र केल्या. १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. वाटी-चमच्याचं माप हाताशी आलं, आणि मुली ते पुस्तक घेऊन सासरी गेल्या, परदेशी गेल्या. ओगल्यांनी ‘किती’चा प्रश्न मराठी स्वयंपाकघरापुरता सोडवला, असं मी मानते. ‘केव्हा’चा राहिला. हल्लीची पुस्तकं तो मिनिटांनी सोडवतात: मध्यम आचेवर बारा मिनिटं. कुणाची मध्यम आच? पितळी कढई की नॉनस्टिक? बेसन बारीक दळलेलं की लाडवाचं जाडसर? मिनिटं लिहिणाऱ्याला बेसनाकडे बघायचंच नाही, असा माझा राग आहे. पानभर रंगीत फोटो छापणाऱ्यांवर तो अधिकच आहे. फोटोत लाडू झालेला दिसतो, होत असलेला कधीच दिसत नाही.

म्हणून मी बेसन पुन्हा भाजायला घेतलं. माझी पुतणी नव्या आवृत्तीचा मजकूर टाइप करते. तिला शेजारी उभं केलं, पण तोंड बंद ठेवायला सांगितलं. पहिल्यांदा बेसन तूप पिऊन घट्ट बसतं. उलथनं जड जातं, कढईच्या तळाला ओढ लागते. बराच वेळ काही घडत नाही आणि हात दुखायला लागतो. मग ते सैल पडू लागतं. प्यायलेलं तूप परत सोडतं, कडेला चकाकी येते, उलथनं हलकं होतं. उलथन्यावरून पडताना आधी त्याचा गोळा पडत होता, आता ते सरकत, पसरत उतरतं. रंग या सगळ्याच्या मागून बदलतो. इथे दुधाचा हबका मारला तर ते फसफसून वर येतं आणि रवाळ होतं. आधी मारला तर नुसतं चिकट होऊन बसतं. मी आच बंद केली आणि पुतणीकडे पाहिलं. “आत्ताच वास सुटला, मावशी,” ती म्हणाली. तिची मी खरं तर काकू, पण ती लहानपणापासून मावशीच म्हणते.

त्या दिवशी मला जो आनंद झाला त्यात बेसनाचा वाटा थोडा होता. मी अजून मीच आहे, याचा तो आनंद होता.

तुपाचं याहून सरळ आहे. लोणी कढताना त्यातलं पाणी उकळत असतं, त्याचा सतत आवाज येतो. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, मग जवळजवळ थांबतो, आणि त्यानंतर बेरी झपाट्याने रंग बदलते. कानाने कढवलेलं तूप नाकाने कढवलेल्या तुपापेक्षा कमी करपतं, असा माझा अनुभव झाला आहे. कारण वास येईपर्यंत थांबलं की बेरी बरीच पुढे गेलेली असते. पुरणाची खूण तर आईने मला लहानपणीच दिली होती: उलथनं मधोमध उभं केलं आणि पडलं नाही, की उतरव. पाकाची तार बोटांत दिसते. या खुणा बायकांच्या हातांत कायम होत्या. पुस्तकात आल्या तेव्हा आम्ही त्या गाळल्या आणि वास ठेवला, कारण वासाचं वाक्य लिहायला सोपं आणि वाचायला गोड.

कादंबरीत मात्र माझी अडचण सुटत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत सांगलीत खानावळ चालवणारी एक विधवा आहे. मुलाला घराबाहेर काढायचं ती ठरवते तेव्हा चुलीवर तूप कढत असतं, आणि मी लिहिलं आहे की तुपाचा वास घरभर पसरला. वाचकांनी त्या पानाची स्तुती केली. आज मी तिथे आवाज थांबवला असता. चुलीवरचा आवाज बारीक होत जातो आणि ती बाई ऐकते. असं लिहून पाहिलं. पण मग ती फार जागरूक होते, ठरवून ठरवते. वासात माणूस बेसावध असतो. कानाने तो सावध होतो. म्हणजे इंद्रिय बदललं की निर्णयाची जातच बदलते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

तंजावरचं पुस्तक मी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातल्या मराठी पाककृतींसाठी केलं. त्यातलं पहिलं प्रकरण जुन्या कागदाच्या वासाने सुरू होतं. तसं प्रकरण आज दर दुसऱ्या प्रवासवर्णनात सापडतं. स्टेशनवर उतरलं की मोगरा, बाजारात शिरलं की मासळी. गाव बघायला लागणारा वेळ त्याने वाचतो. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून बसले ती यासाठीच: लक्ष्मीबाई टिळकांची माणसं बोलण्यातून आणि वागण्यातून उभी राहतात, आणि एवढ्या वर्षांनी अजून उभी आहेत.

दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं, ‘व्यासपर्व’ लिहिलं आणि ‘खमंग’ही लिहिलं. शेवटचं पुस्तक आपल्याकडे वेगळ्या फळीवर ठेवतात. मीही तेच केलं. पुरस्कारांसाठी पुस्तकं पाठवताना ‘अन्य पुस्तके’च्या यादीतून मी पाककृती काढून टाकत असे, आणि घर मात्र त्याच पुस्तकाच्या पैशांवर चालत होतं. आता बाकीची पुस्तकं बाजूला पडली आहेत आणि मी दिवसभर त्याच एका पुस्तकाशी भांडते. वास गेल्याचं बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. हळदीकुंकवाला कुणी वाटी पुढे केली की मी ती अजून नाकाशी नेते, क्षणभर डोळे मिटते आणि मान हलवते. माझं नाक तल्लख अशी ख्याती आहे, आणि ती मला सोडवत नाही.

नव्या आवृत्तीत प्रत्येक कृतीला दोन खुणा असतील, हाताची किंवा कानाची किंवा डोळ्याची. मिनिटं नसतील. प्रकाशक नाराज आहेत, होऊ देत. अडलं आहे ते हिंगापाशी. हिंग तेलात पडला की किंचित फुलतो, पण कच्चा हिंग आणि फुललेला हिंग यांतला फरक ना हाताला कळतो, ना कानाला, ना पुरेसा डोळ्याला. तिथे नाकच लागतं. ती ओळ पुतणीने लिहिली. तीन वेळा हिंग टाकून, तीन वेळा खोडून, तिने दोन वाक्यांत तो उग्रपणा मऊ कसा होतो ते बसवलं आहे. वाक्यं उत्तम आहेत, माझ्यापेक्षा चांगली. ती माझ्या नावाने छापावीत असं मला वाटतं, आणि तिला विचारायचं अजून मी टाळते आहे.