सायकल आणि आखडलेली मान

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजातून सायकलीवर जाणारे ज्येष्ठ आपण पाहिलेच असतील. गोंडकालीन परकोटाच्या त्या दरवाजाशी आज मोटारी, ऑटो, दुचाक्या यांची एकच दाटी असते. मोटारीच्या परवान्यासाठी चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात. सायकलीला परवानाच नाही. त्यामुळे सत्तरीतल्या स्वाराची नजर, कान, मान कोणी तपासत नाही. मोतीबिंदू घरच्यांच्या ध्यानात येतो, आखडलेली मान येत नाही. उजवीकडे वळताना मागे पाहता आले नाही, तर नुसता हात दाखवून काय उपयोग? माझ्या वडिलांना मी सायकल सोडा असे म्हटले नाही (त्यांनी ऐकलेही नसते). वळणाआधी डाव्या कडेला थांबून उतरावे, सायकल हाती धरून रस्ता ओलांडावा, एवढेच ठरले. ‘जवळ पडते’ म्हणून उलट दिशेने जाणेही बंद झाले. गडचिरोलीत आलापल्लीच्या बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक धावतात. तेथे सायंकाळनंतर मागचा लाल परावर्तक स्वच्छ असणे चष्म्याइतकेच निकडीचे. आणि मोटार हाकणाऱ्या मुला-सुनांनो, वृद्ध सायकलस्वाराच्या अगदी पाठीशी जाऊन हॉर्न वाजवू नका. दचकला की त्याचा हात हॅन्डल वळवतो.