पन्नास गॅलनची टाकी

यूटामध्ये ग्रीन रिव्हर गाव मागे पडलं की आय-७० महामार्गावर थेट सलायनापर्यंत शंभरावर मैल एकही पंप नाही. तशी पाटीच लावलेली आहे, आणि ती मी वाचली होती. पण गावातल्या पंपावर गर्दी होती. मागे सव्वीस फुटी ट्रेलर असला की पंपावर शिरण्याआधी बाहेर कुठून पडायचं ते बघावं लागतं. काटा अर्ध्याच्या वर होता. टाकी २९ गॅलनची, ग्रँड जंक्शनला काठोकाठ भरलेली. ट्रेलर ओढताना गॅलनला नऊ मैल पडायचे. उरलेल्या सोळा-सतरा गॅलनमध्ये १०८ मैल होतील, असा हिशेब करून मी पुढे निघालो.

सॅन राफेल स्वेलचा चढ लागला आणि वारा समोरून सुटला. ट्रेलरचं चौकोनी तोंड वारा नुसतं अडवून धरत होतं. गॅलनला साडेपाच मैलही पडत नव्हते. घोस्ट रॉकची चढण सात हजार फुटांच्या वर जाते. तिथे पोचेपर्यंत काटा पावच्या जवळ आला. मागच्या सीटवर आई होती, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. तिने काही विचारलं नाही, पण तिची जपमाळ थांबली होती, ते मला आरशात दिसलं.

फ्रीमाँट जंक्शनला मी गाडी बाहेर घेतली. डिझेल पार संपू द्यायचं नसतं. नळ्यांत हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून इंजिन चालू होईलच असं नाही, हवा काढत बसावं लागतं. आणि पुढे अजून एक घाट होता.

पाऊण तासाने घोड्यांचा ट्रेलर ओढणारा एक रँचवाला थांबला. त्याच्या पिकअपच्या हौद्यात केबिनला टेकून पत्र्याची टाकी होती, वर बारा व्होल्टचा पंप आणि नळी. 'लाल नाही, रस्त्याचंच आहे,' त्याने आधीच सांगितलं. शेतीचं करमाफ डिझेल लाल रंगाचं असतं आणि ते रस्त्यावर वापरणं गुन्हा आहे. आठ गॅलन दिले, पैसे घेईना. आईने बेसनाच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात ठेवला.

डेन्व्हरला परतल्यावर तसलीच टाकी घ्यायचं माझ्या मनात पक्कं होतं. शंभर गॅलनची. शेजारच्या निवृत्त ट्रकचालकाने विचारलं, 'गाडी वजनकाट्यावर नेली आहेस का?' नेली नव्हती. माझी पिकअप २००१ सालची. दाराच्या पट्टीवर कमाल वजन ८,८०० पौंड. माणसं, सामान आणि हिचवर ट्रेलरचा भार धरून काट्यावर ८,२४० भरलं. म्हणजे ५६० पौंड शिल्लक. डिझेलचा एक गॅलन सात पौंडांचा. शंभर गॅलन म्हणजे सातशे, टाकीचं वजन वेगळं. ज्या टाकीच्या भरवशावर मी आईला पुन्हा त्या रस्त्याने नेणार होतो, तिनेच ब्रेक आणि मागच्या अ‍ॅक्सलवर पेलणार नाही इतका बोजा टाकला असता. वजन न करता टाकी घेणारे मला आता भेटतात, तेव्हा मी त्यांना आधी काट्यावर पाठवतो.

म्हणून मूळ टाकीच काढून तिच्या जागी, चासिसला लागूनच बसणारी ५० गॅलनची प्लास्टिकची टाकी घेतली. वाढ एकवीस गॅलनची, डिझेलचं वजन दीडशे पौंडांच्या आत. गाडी डिझेलची असल्यामुळे पेट्रोलसारखी वाफ अडवणारी यंत्रणा जुळवायची नव्हती. जुनी टाकी जवळजवळ रिकामी करून जॅकवर उतरवायला मात्र अख्खा शनिवार गेला. पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. आदल्या रात्री तेल मारून ठेवलं होतं तरी एक तुटलाच. जाणारी नळी, परतीची नळी, भरण्याचा पाइप, हवेची नळी. हवेच्या नळीला पीळ पडला तर टाकीला श्वास घेता येत नाही आणि डिझेल ओढलं जात नाही, म्हणून ती मी तीनदा बघितली. परतीच्या नळीला हात लावला तेव्हा ती अजून कोमट होती. इंजिनातून फिरून न जळलेलं डिझेल त्याच वाटेने टाकीत येतं.

तरंगता गोळा जुन्या टाकीचाच बसवला. नवी टाकी जास्त खोल, त्यामुळे काटा पहिले शंभरेक मैल 'पूर्ण'वरून हलतच नाही, आणि 'रिकामी' दाखवतो तेव्हाही आत बरंच असतं. काट्यावर विसंबणं सोडलं. टाकी भरली की मैलांचं मीटर शून्यावर आणतो आणि गॅलनला सहाच मैल पडतील असं धरून चालतो. तीनशे मैल.

पुढच्या वर्षी आई आली तेव्हा पुन्हा तोच रस्ता धरला. ग्रँड जंक्शनला टाकी भरली, ग्रीन रिव्हरला थांबलो नाही. फ्रीमाँट जंक्शनला मीटरवर १७० मैल होते. गाडी बाजूला घेतली. आई उतरली, पदर सावरत रस्त्याच्या कडेला गेली आणि म्हणाली, "इथंच ना रे तो भेटला होता?" तिच्या पिशवीत लाडवांचा डबा होता. तासभर आम्ही तिथे बसलो, वारा होता, चहा लवकर निवला.