तेरडा आणि नेचा

मारेडपल्लीच्या आमच्या जुन्या घराला अंगण होते आणि त्या अंगणात दोन पक्ष नांदत होते. उत्तरेच्या भिंतीलगत, पेरूच्या सावलीत माझे नेचे, आणि तुळशीवृंदावनाभोवतीच्या उन्हात पत्नीचा तेरडा. मधली शहाबादी फरशीची वाट ही हद्द होती आणि ती दोघेही पाळत होतो. 2012 मध्ये घर पाडून त्या जागी फ्लॅट उभे राहिले. आमच्या वाट्याला चार फूट रुंदीची एक पूर्वाभिमुख गॅलरी आली आणि प्रथमच प्रश्न उभा राहिला : तेरडा की नेचा?

नेच्याचा नाद मला नोकरीत लागला. सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यांतून, विशेषतः कोणी मंत्री यायचे असले की, नेच्याच्या कुंड्या ओळीने मांडल्या जात. मंत्री गेले की त्या कुंड्यांकडे कोणी पाहत नसे. अशीच एक सुकत चाललेली कुंडी 1988 साली मी रीतसर परवानगी घेऊन घरी आणली. आज गॅलरीत आहे तो त्याच गड्ड्याचा वंश. पुढे राज्याचे नाव बदलले, माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदावरचा शिक्का बदलला, पण नेचा तोच राहिला.

नेचा ही व्हरांड्यातच शोभणारी वनस्पती, हा संस्कार बहुधा साहेबाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये नेच्यांचे अक्षरशः वेड पसरले होते. चार्ल्स किंग्जली या लेखकाने 1855 मध्ये त्या वेडाला एक भारदस्त ग्रीक नावही दिले. त्याआधी 1829 च्या सुमारास नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरांना, घरच्या बागेत धुरामुळे काही केल्या न जगणारा नेचा एका बंद बाटलीतल्या ओल्या मातीत आपोआप उगवलेला दिसला. बाटली त्यांनी पतंगाचा कोश ठेवण्यासाठी घेतली होती! त्यातून काचेची बंद पेटी निघाली, आणि पुढे तसल्याच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आली. आपल्या सिकंदराबादेची तर 1806 पासून छावणीच. बंगल्यांच्या व्हरांड्यांत टांगलेल्या नेच्याच्या टोपल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी मनात एक दबलेली असूयाही होती, हे कबूल करतो.

पण दख्खनचे पठार हे नेच्याचे माहेर नव्हे. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत होते, आणि पानांच्या कडा जळू लागतात. मोंडा मार्केटजवळच्या रोपवाल्याने मला पहिल्याच वर्षी बजावले होते, "साब, ये नाजूक है, गर्मी में नक्को रखो." नळाला एक दिवसाआड पाणी येई त्या काळात भांडी विसळलेले पाणी मी नेच्याला घालत असे, आणि पत्नी म्हणे, "अहो, माणसांना पुरेना आणि तुमच्या त्या पाल्याला कशाला?"

पाला हा शब्द मला लागे. पण तो खोटाही नव्हता. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. एका वर्षी पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. मी रोग समजून औषध फवारले आणि निम्मी पाने घालवली. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्याने नंतर समजावले, की त्या बीजाणूंच्या पिशव्या. बीजाणू ओल्या जागी पडला, की त्यातून नखाएवढे, बदामाच्या आकाराचे हिरवे पान उगवते. नर आणि मादी पेशी त्याच्या पोटाशी तयार होतात, आणि नराला मादीपर्यंत पाण्यातून पोहत जावे लागते. पाण्याचा पातळ थर नसेल तर लग्न मोडले. फुलझाडे जन्मण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत. हे कळल्यावर माझे विसळपाणी सत्कारणी लागत असल्याची खात्री पटली. पत्नीला मात्र ती पटली नाही.

तिचा तेरडा रत्नागिरीकडचा. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिच्या आईने कागदाच्या पुडीत बी दिले होते. आमचे घराणे मूळचे बीडकडचे, निजामाच्या राज्यात चाकरीला आलेले; आमच्याकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या. तिच्या माहेरी तेरड्याची गौर. तिकडे रोप मुळासकट आणतात, कारण ती मुळे म्हणजे गौरीची पावले. महालक्ष्म्या घरात घेताना उंबऱ्याशी तेरड्याची पाच रोपे असावीत, एवढाच तिचा हट्ट होता. माझी आई म्हणाली, "आपल्यात ही रीत नाही." दोन वर्षे ती हेच म्हणाली. तिसऱ्या वर्षी आषाढातच तिने सुनेला विचारले, "तेरडा उगवला का गं यंदा?" सिकंदराबादेतल्या आपल्या घरांतून अशा कितीतरी मिश्र रीती रुजल्या असतील. शेजारच्या तेलुगू बाई तर बतुकम्मा रचताना तंगेडू आणि गुनुगू यांच्या थरांत आमच्या तेरड्याची उरलीसुरली फुलेही बसवत. त्यांचा गुनुगू म्हणजे आपला कुरडू, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली होती.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण तेरड्यावर अन्याय करणारी आहे. एकेक फूल लवकर गळते हे खरे. पण त्याच्या खाली-वर दुसरे उमलतच असते आणि झाड महिना-दीड महिना फुललेले राहते. माझ्या खात्याच्या भाषेत नेचा कायम आणि तेरडा हंगामी. कायम असलेल्याला बारमाही भत्ता द्यावा लागतो. हंगामी मृगाला रुजू होतो आणि दसऱ्याच्या आसपास निरोप घेतो. त्याचा कोवळा, पाणीदार देठ आपल्या उन्हाळ्यात चार दिवस टिकला नसता. पण उन्हाळ्याला तो सामोरा जातच नाही. ते आठ महिने तो बी होऊन काढतो. नेच्याला मात्र आपणच हात धरून वैशाखातून न्यावे लागते. मी हे कौतुकाने सांगत असे. आता वाटते, वैशाखात नेच्याला जपणारा मी होतो, तसे त्या बीला जपणारेही कोणी होते. ते मला दिसले नव्हते. पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी उडून जाते. म्हणून शेंग टचटचीत फुगली, की पत्नी ती ओंजळीत झाकून फोडत असे आणि बी एका पितळी डबीत ठेवत असे. अधीरपणावरूनच त्याच्या कुळाला लॅटिन नाव मिळाले आहे.

गॅलरीत आल्यावर तोडगा निघाला : कठड्याशी उन्हात तेरड्याच्या दोन कुंड्या आणि आत भिंतीशी नेचा. पावसाळ्यात तेरडा वाढला की नेच्यापर्यंत जायची वाट बुजे. मी कुरकुर करी.

फेब्रुवारी 2023 मध्ये ती गेली. त्या वर्षी सण नव्हता. तेरडा पेरायचे कोणाला सुचले नाही. कठड्याची जागा मोकळी झाली, आणि मी नेच्याचे तीन भाग करून तिथे मांडले. 2024 च्या आषाढात सुनेने डबी काढली. ती स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फडताळात राहिली होती. बीला बुरशी आली होती. तरी पेरले. काही उगवले नाही. रत्नागिरीला आता विचारावे असे कोणी उरलेले नाही. बाजारात तेरड्याचे बी मिळते, गुलाबासारख्या दुहेरी फुलांचे; सुनेने ते आणू का म्हणून विचारले. मी नको म्हटले.

2025 च्या जूनमध्ये नेच्याची मोठी कुंडी उपसून मी माती खालीवर केली. पंधरा दिवसांनी नेच्याच्या पानांतून दोन वेगळे अंकुर डोकावले. दातेरी पाने फुटली तेव्हा ओळख पटली. 2022 च्या कुठल्याशा शेंगेने उडवलेले बी त्या कुंडीत दबून राहिले असावे. सावलीत ती रोपे उंच, किडकिडीत वाढली. महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी दोहोंवर मिळून तीन गुलाबी फुले होती.

रोप मुळासकट हवे, आणि त्याची मुळे नेच्याच्या मुळांत गुंतलेली. मी एक रोप खुरप्याने काढले. नेच्याची एक बाजू त्यानंतर महिनाभर पिवळी पडली. उंबऱ्याशी पाचांऐवजी एकच रोप ठेवले. सुनेने त्याच्या मुळांवर हळदकुंकू वाहिले. दुसरे रोप बीसाठी राखले, आणि शेंगा फुगल्या तेव्हा ओंजळ धरून मी स्वतः फोडल्या. पहिली हातातून उडाली. बाकीच्यांतून अकरा बिया मिळाल्या.

डबी उन्हात वाळवून, तळाशी राख घालून ती आता देवघराच्या खणात ठेवली आहे. कठड्याशी मांडलेले नेचे मी पुन्हा भिंतीशी नेले आहेत. तिथे त्यांना ऊनही कमी लागेल.