अंधार राखताना

सियागंजच्या बाजारात मी गूळ घेते तो चिलटांसाठी. केळ्यांवर घोंघावणारी हीच ड्रोसोफिला. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून नळ्यांत ओतलं की त्यावर त्यांच्या पिढ्या वाढतात. सेठजी ढेप फोडून आतला कोरडा गूळ देतात.

प्रयोगशाळेतल्या अंधारात एकेक माशी एकेका बारीक नळीत असते. तिनं अवरक्त किरण ओलांडला की नोंद होते. कित्येक दिवस उजेड दिसला नाही तरी ती साधारण चोवीस तासांच्या ठेक्यावर जागते, निजते. मग रात्री दहा मिनिटं उजेड द्यायचा. पूर्वरात्री दिला तर उद्यापासून ती उशिरा जागते, उत्तररात्री दिला तर लवकर. भर दिवसाच्या वेळी दिला तर जवळजवळ काहीच होत नाही.

उजेड तोच, मग परिणाम उलटे कसे? मला ते खरं उमगलं सियागंजातच, गोदामात पोती लावणाऱ्या हमालांकडे बघताना. पिरियड आणि टाइमलेस ही प्रथिनं रात्री पेशीत साठत जातात, केंद्रकात शिरून आपल्याच जनुकांना थोपवतात आणि झिजतात. उजेड पडला की क्रिप्टोक्रोम टाइमलेसला धरतं आणि टाइमलेस नष्ट होतं. गोदामासारखंच हे: भरती चालू असताना माल गेला तर पुन्हा भरावा लागतो. घड्याळ मागे पडतं. पहाटे माल संपतच आलेला असतो. उरलासुरला गेला की नवा फेरा लवकर सुरू होतो. पिरियड जनुकाचा माग 1971 मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी काढला, क्रिप्टोक्रोमची ही भूमिका 1998 मध्ये उलगडली. मला मात्र या दोन तारखांमधली सत्तावीस वर्षं जास्त भावतात. तेवढा काळ माणसं अंधारात माशा मोजत राहिली.

एकदा पूर्वरात्री एका कप्प्यातल्या नळ्यांचे कापसाचे बोळे तपासताना माझ्या हातातला मोबाइल उजळलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यातल्या सगळ्या नोंदी मागे सरकलेल्या. दहा दिवसांचं काम टाकून द्यावं लागलं, आणि त्या माशांसमोर मला फार अपराधी वाटलं. आता फोन दाराबाहेर राहतो. आत फक्त मंद तांबडा दिवा; क्रिप्टोक्रोम निळा उजेड टिपतं, तांबड्याला फारशी दाद देत नाही.

आज तिसऱ्या कप्प्याची पाळी आहे, पहाटे तीनला. तोवर दिवाही नको. बोटांनी नळ्या मोजत जायचं, डावीकडून सातवी, आठवी, आणि कापसाचा बोळा सैल लागला की अंधारातच दाबून बसवायचा.