मोटारीची हमी आणि काकतालीय न्याय

गेल्या आषाढांतील गोष्ट. आमच्या पुतण्याच्या मोटारीला अवघें सव्वा वर्ष झालें होतें. कर्जतहून चौक गांवाकडे जात असतां भर पावसांत चालकाच्या बाजूची कांच खालीं गेली, ती वर येईना. पुतण्या भिजून घरीं परतला आणि आल्याबरोबर मला म्हणाला, “काका, तुम्ही गाडीला हात लावलात ना?”

या प्रश्नाला कारण होतें. निवृत्त झाल्यापासून घरच्या मोटारीची देखभाल मीं आपण होऊन अंगावर घेतली आहे. आमची शेती खालापूर तालुक्यांत, आणि तिकडची वाट उन्हाळ्यांत नुसत्या धुळीची. त्या वाटेनें कांहीं महिने जा-ये झाली म्हणजे इंजिनास हवा पुरविणाऱ्या पेटींतील एअर फिल्टर धुळीनें गच्च होतो. अशा प्रदेशांत तो वेळेआधीं तपासावा, असें गाडीसोबतच्या पुस्तिकेंतच छापलें आहे. चार खटके सोडविले कीं पेटी उघडते. खोपोलीच्या दुकानांतून नवा फिल्टर आणून मीं बसविला, एवढाच काय तो माझा अपराध!

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे पनवेलकडील सर्व्हिस सेंटरवर गेलों. तेथील तरुणानें बॉनेट उघडलें, फिल्टरवरचें परकें नांव वाचलें आणि थंडपणें सांगितलें, “बाहेरचें काम झालें आहे, सर. हमी रद्द.” पुतण्यानें पाकिटाला हात घातला. मला मात्र राहवेना. आयुष्यभर मुलांना काकतालीय न्याय शिकविला. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गांठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानें मोडली असें होत नाहीं. मीं म्हटलें, “फिल्टर इंजिनाच्या तोंडाशीं, कांच दारांत. याच्यामुळें ती कशी बिघडली, एवढें कागदावर लिहून द्या. मग पैसे भरतों.”

माझें म्हणणें केवळ तर्कशास्त्रावर उभें नव्हतें. एका ग्राहकाच्या २०११ सालच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तो वाद पुढें वरच्या न्यायासनांकडे गेला. तरी त्या आदेशांतला विचार मला मोलाचा वाटतो. बाहेर दुरुस्ती करविली एवढ्यावरून हमी सरसकट रद्द करूं नये. बाहेरच्या सदोष कामानें जेवढी हानि झाली असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

तरुण आंत गेला. अर्ध्या तासानें एक प्रौढ गृहस्थ आले आणि त्यांनीं कांचेचें काम विनामूल्य करविलें. “पण सर, हें पाहा,” म्हणून त्यांनीं डिपस्टिक पुढें केली. ऑइल वरच्या खुणेच्याहि वर! मोटार उतारावर उभी असतां मीं तें मोजलें होतें आणि कमी दिसलें म्हणून आणखी ओतलें होतें. सपाट जागीं, इंजिन थांबवून थोड्या वेळानें पाहावें, हें त्याच पुस्तिकेंत होतें. तें पान मीं वाचलें नव्हतें. ऑइल फार झालें कीं तें फेसाळतें आणि यंत्राला नीट वंगण मिळत नाहीं. येथें कावळा खरोखरच दोषी होता. तें काढण्याचे पैसे मीं मुकाट्यानें माझ्या पेन्शनींतून दिले. त्यापायीं इंजिन बिघडलें असतें तर हमी नाकारण्याचा त्यांना अधिकार होता, हेंहि कबूल केलें.

परततांना पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. चौकला चहासाठीं थांबलों तेव्हां म्हणाला, “काका, भांडलात तें बरें केलेंत. पण मला विचारल्याशिवाय ऑइल ओतूं नका.”

तेव्हांपासून एक वही घातली आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललें, आणि खालीं चिकटविलेलें बिल. ब्रेक, एअरबॅग व वायरिंग यांस हात लावावयाचा नाहीं आणि ठरलेलें सर्व्हिसिंग चुकवावयाचें नाहीं, हें वहिनींच्या आग्रहावरून पहिल्याच पानावर लिहिलें. परवां टायरांतील हवेची नोंद पुतण्यानें स्वतः केली. ‘किलोमीटर’ हा शब्द त्यानें अशुद्ध लिहिला होता. तो मीं तांबड्या शाईनें दुरुस्त केला.